धर्मसंस्थांच्या म्युझियममध्ये आदिवासींची गोष्ट कशी बघायची, पुण्याहून फिरायला निघणाऱ्यांसाठी

पुण्यातली माणसं फिरतात भरपूर. डिसेंबरात गोवा, मे महिन्यात मेघालय, पोरं अमेरिकेत असतील तर फ्रीमाँट नाहीतर सॅन होजेला चांगला लांब मुक्काम, आणि युरोप टूर घेतली की रोम त्यात आलंच. या सगळ्या ठिकाणी चर्चनं, मिशननं नाहीतर कुठल्या तरी धर्मसंस्थेनं उभी केलेली म्युझियमं आहेत, आणि त्यात तिथल्या मूळ लोकांची गोष्ट सांगितलेली असते, मेघालयातले खासी, गोव्यातले गावडा, कॅलिफोर्नियातले ओलोनी, कॅनडातले इन्युइट अशा लोकांची, फक्त सांगणारे बहुतेक वेळा ते लोक स्वतः नसतात. आपण तिकीट काढतो, आत गार वाटतं, दोन-चार फोटो, वॉशरूम, की चला पुढच्या पॉइंटला. त्याच तासाभरात जरा थांबून बघितलं तर खूप काही कळतं आणि त्याला इतिहासाची डिग्री लागत नाही, सवय लागते. ती सवय कशी लावायची ते लिहितेय.

आधी एक सांगून टाकते. हे कुठल्या एका धर्मावर राग काढायला लिहिलेलं नाही. छोटानागपुरात, म्हणजे आजच्या झारखंडात, मुंडा लोकांच्या जमिनी जमीनदार गिळत होते तेव्हा कोर्टात त्यांच्या बाजूनं उभे राहिलेले कॉन्स्टंट लीव्हेन्स हे पाद्रीच होते, १९०८ च्या तिथल्या कूळकायद्याच्या मागे जॉन हॉफमन या जेझुइट, म्हणजे त्या नावाच्या कॅथलिक संघातल्या, पाद्र्याची मेहनत होती. आपल्या पुण्यात ख्रिस्त सेवा संघात १९२७ साली व्हेरिअर एल्विन आले ते मिशनरी म्हणूनच, मग गोंडांच्यात राहायला गेले आणि शेवटी चर्चपासूनच लांब झाले. आणि त्याच काळात १८७१ च्या कायद्यानं 'गुन्हेगार' म्हणून शिक्का मारलेल्या जमातींना डांबून ठेवायच्या ज्या वसाहती होत्या, त्यातल्या काही सॅल्व्हेशन आर्मी ही ख्रिस्ती संस्था चालवत होती. हे सगळंच झालेलं आहे. म्हणून म्युझियममध्ये गेल्यावर यातलं कुठलं सांगितलंय आणि कुठलं गाळलंय हे बघायचं.

सराव पुण्यातच करा. क्वीन्स गार्डनला आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिचं म्युझियम आहे, पुणे स्टेशनवरून जवळ, आणि आपल्यातल्या कितीतरी जणांनी ते आयुष्यात बघितलेलं नाही. ते सरकारी आहे, धार्मिक नाही, पण डोळे तयार करायला एकदम योग्य. तिथे गेल्यावर सगळं बघायचा हट्ट धरू नका, एकच वस्तू निवडा. समजा बोहाड्याचा मुखवटा निवडला. जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो, रात्रभर सोंगं नाचतात, मुखवटा घालणारा माणूस तेवढ्यापुरता देव असतो, वाद्यं असतात, गाव जमलेलं असतं. आता काचेमागच्या मुखवट्याकडे बघा आणि स्वतःला विचारा, हा कोणी केला त्याचं नाव आहे का, कुठल्या गावचा आहे, कुठल्या साली इथे आला, विकत घेतला की कोणी दिला, हा नाचलेला मुखवटा आहे की म्युझियमसाठी मुद्दाम करून घेतलेला. वारली चित्रांचंही तसंच आहे. लग्नाचा चौक सुवासिनी भिंतीवर काढतात, त्यात पालघाट देवी बसते, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते तेव्हा कुठे तो चौक पूर्ण होतो. तोच फ्रेममध्ये आला की आपण त्याला छान डिझाइन म्हणतो आणि पुढे जातो. एका वस्तूला पंधरा मिनिटं दिलीत की लक्षात येतं लेबलवर किती कमी लिहिलेलं असतं. एवढं जमलं की तुम्ही गोवा काय रोम काय कुठेही बघू शकता.

पुणे जिल्ह्यातच अजून एक सरावाची जागा सांगते, ती म्युझियम नाहीच आहे, भीमाशंकरचं देऊळ आहे. तिथे एक मोठी घंटा आहे, घडण युरोपातली. १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई जिंकली त्यानंतर तिकडच्या चर्चमधल्या घंटा ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या, मेणवलीला आहे, भीमाशंकरला आहे. आपण तिथे अभिमानानं पोरांना सांगतो, ही वसईची बरं का. सांगायलाच पाहिजे. पण जोडीनं हेही सांगा की ही घंटा आधी कोणाच्या तरी प्रार्थनेची होती, आणि ती आता ज्या डोंगरात आहे तो महादेव कोळ्यांचा मुलूख आहे, त्यांच्या देवराया तिथे आहेत, आणि घंटेच्या गोष्टीत पोर्तुगीज येतात, पेशवे येतात, महादेव कोळी मात्र येत नाहीत. वस्तू कुठून आली, कोणाच्या विजयाची खूण म्हणून आली आणि ज्यांच्या जमिनीवर ती आहे त्यांचं नाव कुठे आहे, हे तीन प्रश्न तुम्ही भीमाशंकरला विचारायला शिकलात तर व्हॅटिकनमध्ये विचारताना अवघड जात नाही.

आता प्रत्यक्ष म्युझियम. घरातून निघायच्या आधी दहा मिनिटं मोबाइलवर एवढंच शोधा की हे कोणाचं आहे, कधी सुरू झालं आणि तेव्हा कारण काय होतं. हे कारण फार महत्त्वाचं असतं. व्हॅटिकनमध्ये जे अनिमा मुंडी म्हणून दालन आहे ना, जिथे जगभरच्या मूळ लोकांच्या वस्तू आहेत, त्याची सुरुवात १९२५ च्या एका प्रदर्शनातून झाली. पोप अकरावे पायस यांनी जगभरच्या मिशनऱ्यांना सांगितलं वस्तू पाठवा, लाखभर वस्तू आल्या, त्यातल्या बऱ्याच परत गेल्याच नाहीत आणि दुसऱ्या वर्षी त्यांचं म्युझियम झालं. म्हणजे ते प्रदर्शन मुळात मिशननं जगभर किती काम केलंय हे युरोपातल्या लोकांना दाखवायला होतं. हे माहीत असलं की आत गेल्यावर मांडणीचा रोख लगेच कळतो, नाहीतर तुम्ही नुसतं किती सुंदर कोरीवकाम आहे म्हणत बाहेर येता.

वस्तू कशी आली, या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते आणि तुम्हीही घालवा. लेबलवर सगळ्यात लाडका शब्द असतो भेट. अमक्या जमातीनं पोपना दिलेली भेट, तमक्या सरदारानं फादरना दिलेली भेट. काही वेळा ते शंभर टक्के खरं असतं, माणसं प्रेमानं देतात. पण साल बघा आणि त्या साली तिथे कायदा काय होता ते बघा. कॅनडात पश्चिम किनाऱ्यावरच्या लोकांचा पॉटलॅच नावाचा सोहळा असतो, नाच, मुखवटे, वाटप, सगळ्या गावाची देवघेव त्यात ठरते. तो १८८५ पासून १९५१ पर्यंत कायद्यानं बंद होता, केला तर तुरुंग. त्याच काळात दीड लाखांवर मुलं घरातून उचलून बोर्डिंग शाळांत घातली, त्यातल्या बऱ्याच शाळा चर्चच्या संस्था चालवत होत्या, मुलांना स्वतःची भाषा बोलायला बंदी. आता १९२५ साली त्या भागातून रोमला गेलेल्या वस्तूला भेट म्हणायचं का, हा प्रश्न तिथलेच लोक विचारत होते. २०२२ च्या वसंतात त्यांची शिष्टमंडळं रोमला गेली, पोप फ्रान्सिस यांनी शाळांबद्दल माफी मागितली, जुलैत कॅनडात जाऊनही मागितली, मार्च २०२३ मध्ये व्हॅटिकननं शोधाचा सिद्धांत नाकारला, म्हणजे ख्रिस्ती राजांनी शोधली ती जमीन त्यांची, या विचाराशी आमचा संबंध नाही असं जाहीर केलं. पंधराव्या शतकातल्या पोपच्या फर्मानांचा आधार त्या विचाराला मिळाला होता, १४५२, १४५५ आणि १४९३ ची फर्मानं. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये पोप चौदावे लिओ यांनी ६२ वस्तू कॅनडाच्या बिशपांच्या हातात दिल्या, ज्यांच्या त्यांना पोचवायला, त्यात एक इन्युइट कयाक, म्हणजे छोटी होडीही आहे. तर रोमला जाणार असाल तर या तारखा मोबाइलमध्ये टिपून घेऊन जा. काचेसमोर उभं राहून वस्तूचं साल आणि या तारखा शेजारी ठेवल्या की लेबलवर नसलेलं बरंच काही समोर येतं. टूरवाल्यांचा गाईड बहुतेक सिस्टीन चॅपेलकडे पळवत असतो, तेव्हा हे दालन बघायचंय म्हणून आधीच सांगून ठेवा.

मग बघायचं की लेबलमध्ये काम कोण करतंय. तुम्ही वाचाल, शाळा उघडली, चर्च बांधलं, लिपी दिली, दवाखाना सुरू केला, ही सगळी कामं फादरनी केलेली असतात नावानिशी. आणि लोकसंख्या कमी झाली, रोग आले, जमीन गेली, ही कामं आपोआप होतात, कोणी केलेलीच नसतात. पेन घेऊन वहीत दोन रकाने करा, एका बाजूला ज्या गोष्टींना करणारा आहे त्या लिहा, दुसऱ्या बाजूला ज्यांना करणारा नाही त्या. तीन-चार पॅनल झाले की पानच बोलायला लागतं. आठवी-नववीतल्या मुलांना हे फार आवडतं, त्यांना व्याकरणाच्या तासाला कर्तरी-कर्मणी शिकवलेलं असतंच, इथे त्याचा खरा उपयोग होतो.

याचं मला सगळ्यात जास्त लागलेलं उदाहरण फ्रीमाँटचं आहे. पोरं तिकडे आहेत म्हणून कितीतरी पुणेकर आजी-आजोबा तिथे जातात, मिशन सॅन होजे घरापासून गाडीनं थोड्या अंतरावर असतं, रविवारी संध्याकाळी चक्कर मारायला बरं. १७९७ साली स्थापन झालेलं, कॅलिफोर्नियातल्या २१ स्पॅनिश मिशनपैकी १४ वं. आताची इमारत १९८० च्या दशकात पुन्हा बांधलेली आहे, जुनी १८६८ च्या भूकंपात पडली. आत छान आहे, शांत आहे. पण तिथून जवळच ओलोनी लोकांची दफनभूमी आहे आणि तिच्या दगडावर लिहिलंय की इथे चार हजार ओलोनी चिरनिद्रा घेताहेत, ज्यांनी हे मिशन बांधायला पाद्र्यांना मदत केली. मदत केली. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला मिशन सोडून परत आपल्या गावी जायला परवानगी नव्हती, गेला तर शिपाई जाऊन धरून आणायचे, फटके असायचे, लग्न न झालेल्या मुलींना रात्री कुलपात ठेवायचे, आणि गोवर-देवीसारख्या साथी एकदा आल्या की दाटीनं राहणारी माणसं पटापट जायची. ज्यांनी तो दगड उभा केला त्यांनी श्रद्धेनं केला असेल, मला त्याबद्दल शंका नाही. तरी चार हजार माणसं एका ठिकाणी का झोपली हे त्या दगडावर नाही, ते तुम्हाला आधी वाचून जावं लागतं. आणि तिथेच अजून एक नाव शोधा, एस्टानिस्लाओ. हा योकुट्स या तिथल्या मूळ जमातीतला माणूस याच मिशनमधला, १८२०च्या दशकाच्या शेवटी बाहेर पडला आणि शेकडो लोक गोळा करून मेक्सिकन सैन्याशी लढला. कॅलिफोर्नियातली स्टॅनिस्लॉस नदी त्याच्या नावाची आहे. मिशनच्या म्युझियममध्ये त्याला किती जागा दिलीय हे बघितलं की म्युझियमची तब्येत कळते.

हे बंड शोधायचं काम कुठेही विसरू नका. जिथे जाल तिथे आधी माहिती काढा की इथे कोण उठलं होतं, आणि मग आत जाऊन त्याला शोधा. शिलाँगला असाल तर खासींचा तिरोत सिंग, १८२९ ते १८३३ इंग्रजांशी लढला, ढाक्याला कैदेत गेला. आपल्याकडचे राघोजी भांगरे, महादेव कोळी, २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी. उमाजी नाईकांना तर पुण्यातच फाशी दिली, ३ फेब्रुवारी १८३२. मूळ लोक फक्त टोपल्या विणताना, नाचताना आणि बाप्तिस्मा घेताना दिसत असतील आणि चिडलेले, भांडणारे, नाही म्हणणारे कुठेच नसतील तर त्या मांडणीत माणसं अर्धीच आलीयत.

मेघालयला जाणाऱ्यांसाठी जरा वेगळं. शिलाँगला मावलाईत डॉन बॉस्को म्युझियम आहे, सेल्सियन या कॅथलिक संस्थेचं, सात मजले, वर स्कायवॉक, ईशान्येच्या सगळ्या राज्यांतल्या लोकांचे कपडे, वाद्यं, घरं, शेती, हत्यारं. मला ते प्रामाणिकपणे आवडतं, एवढं एका जागी दुसरीकडे बघायला मिळणं कठीण आहे आणि ते गोळा करायला कष्ट घेतलेत. पण पटापट वर चढत स्कायवॉक गाठायची घाई करू नका. दालनांचा क्रम बघा. कुठल्याही मिशनच्या म्युझियममध्ये एक जिना असतोच, खाली जुनी श्रद्धा, भुतंखेतं, बळी, आणि वर शाळा, दवाखाना, स्वच्छ कपड्यातली मुलं. आधी अंधार मग उजेड अशी रचना झालीय का, की दोन्हीकडे उजेड-अंधार आहे, हे चालता चालता कळतं. खासींच्या बाबतीत एक सोपी तपासणी आहे. १८४१ ला थॉमस जोन्स नावाचे वेल्श मिशनरी सोहराला, म्हणजे चेरापुंजीला आले, खासी भाषा रोमन लिपीत लिहायला लागले, हे जवळपास सगळे सांगतात. १८९९ ला काही खासी तरुणांनी सेंग खासी ही संघटना काढली, आपला जुना धर्म आणि रीती टिकवायला, ती आजही चालू आहे. हे दुसरं सांगितलेलं आहे का, आणि सांगितलं असेल तर आजची गोष्ट म्हणून की जुनी आठवण म्हणून. मग दुसऱ्या दिवशी माफ्लांगच्या देवराईत जा, तिथे स्थानिक खासी गाईड घ्या, त्या जंगलातलं पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही असा नियम आहे, तो गाईड का ते सांगेल. म्युझियम आणि अशी एखादी जिवंत जागा, दोन्ही एकाच ट्रिपमध्ये ठेवलीत तर फरक आपोआप समजतो, आणि पैसेही थोडे तिथल्या माणसाच्या हातात जातात.

जिवंत म्हटलं त्यावरून आठवलं, क्रियापदांचा काळ बघा. हे लोक शिकार करत असत, हे लोक निसर्गाची पूजा करत असत. असत म्हणजे आता कुठे गेले? जुन्नर-आंबेगावातला महादेव कोळी आजही हिरडा गोळा करतो, भावावरून सरकारशी भांडतो, ९ ऑगस्टला आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत असतो, त्याची मुलगी पुण्यात हॉस्टेलवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत असते. ओलोनींचंही तसंच, मुवेकमा ओलोनी म्हणून त्यांची संघटना आहे, अमेरिकन सरकारकडून मान्यता मिळावी म्हणून कित्येक वर्षं लढतायत, त्यांची स्वतःची वेबसाइट आहे, फ्रीमाँटला जाण्याआधी ती वाचा. फोटोंच्या खाली नावं आहेत का तेही बघा. फादरांचं पूर्ण नाव आणि शेजारी उभ्या माणसाला नुसतं 'एक आदिवासी स्त्री', हे दिसलं की त्या फोटोत पाहुणा कोण आणि यजमान कोण हेच उलटं झालेलं असतं.

गोव्याबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण आपण सगळ्यात जास्त तिथेच जातो आणि तिथली गोष्ट आपल्या घरातली पण आहे. ओल्ड गोव्याला सांता मोनिकाच्या जुन्या कॉन्व्हेंटमध्ये ख्रिस्ती कलेचं म्युझियम आहे, आधी ते राशोलच्या सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, १९९४ ला सुरू झालं, २००२ मध्ये इकडे आलं. हस्तिदंताच्या मूर्ती, चांदीकाम, लाकडी संत, वेदीवरची वस्त्रं. बघताना लक्षात ठेवा की यातलं कितीतरी काम इथल्याच कारागिरांनी केलंय. हिंदू कारागिरांकडून धार्मिक वस्तू घडवून घेऊ नका असे हुकूम चर्चला काढावे लागले होते, म्हणजे लोक घेत होतेच. म्हणून येशूच्या मूर्तीच्या बसण्यात, झाडांच्या पानाफुलांत आपल्याकडची वळणं दिसतात, ती शोधत बसायला फार मजा येते. जवळच सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या कॉन्व्हेंटमध्ये पुरातत्त्व खात्याचं म्युझियम आहे, तिथे पोर्तुगीज गव्हर्नर-व्हाइसरॉयांच्या तसबिरी आणि वीरगळ, सतीशिळा एकाच छपराखाली, कोणाला नावानिशी ठेवलंय आणि कोणाला नुसतं 'दगड' म्हणून ठेवलंय ते तिथे तुलना करून बघता येतं.

पण गोव्यात खरी परीक्षा अशी आहे की इथे दोन गोष्टी दोन बाजूंनी सांगितल्या जातात आणि दोन्हींत तेच लोक गळतात. चर्चच्या बाजूनं ऐकाल तर संत फ्रान्सिस झेवियर १५४२ ला आले, सेवा, शिकवण, चमत्कार. इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, गोव्यात आणा म्हणून त्यांनीच १५४६ ला पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहिलं होतं, ते १५६० ला सुरू झालं आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत चाललं, हे सांगितलंय का बघा. आपल्या बाजूनं ऐकाल तर देवळं पाडली, मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला नेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. हे खरंच झालं आणि कुलदैवताला जाणाऱ्या पुण्यातल्या घरांनी ते लक्षात ठेवलंय. पण देव घेऊन नदीपलीकडे जायला होड्या आणि पाठबळ सगळ्यांकडे नव्हतं. गावडा, कुणबी, वेळीप हे गोव्याचे मूळ लोक, वारुळाला सातेरी देवी मानणारे, शेतात राबणारे, त्यांच्यातले कितीतरी जागेवरच राहिले आणि ख्रिस्ती झाले. पुढे १९२८ ला मसूरकर महाराजांनी शुद्धीची मोहीम काढून हजारो गावड्यांना हिंदू केलं. दोन्ही वेळा त्यांना आणणाऱ्या-नेणाऱ्यांची नावं इतिहासात आहेत, त्यांची स्वतःची नाहीत, आणि अनुसूचित जमात म्हणून मान्यता मिळायला २००३ साल उजाडलं. तेव्हा गोव्यात कुठलंही म्युझियम असो, देवळातलं प्रदर्शन असो, आत शिरताना एकच शोधा, गावडा माणूस यात बोलतोय का.

वेळ असेल तर दक्षिणेला कुंकळ्ळीला जा. १५८३ च्या जुलैत तिथल्या गावकऱ्यांनी पाच जेझुइट पाद्री मारले, मग पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यावर बोलणी करायला बोलावून ठार केलं. त्या पाद्र्यांना चर्चनं १८९३ मध्ये धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, म्हणून घोषित केलं, आणि गावानं आपल्या पुढाऱ्यांचं स्मारक उभारलं. एकाच घटनेतल्या हुतात्म्यांच्या दोन याद्या एकाच गावात. मुलांना इतिहास म्हणजे काय हे समजावायला मला यापेक्षा चांगली जागा माहीत नाही.

आणि हो, हेच सगळे प्रश्न आपल्या देवळांच्या, मठांच्या प्रदर्शनांनाही लावायचे, नाहीतर ही सगळी सवय फुकट. आता मोठमोठ्या तीर्थक्षेत्री लाइट-साउंड, पुतळे, देखावे असतात, त्यात शबरी असते, निषादराज गुह असतो, एकलव्य असतो. शबरी नेहमी वाकलेली, बोरं पुढे केलेली. तिचं रान, तिचे लोक, तिचे देव त्या देखाव्यात असतात का? कित्येक ठिकाणी आदिवासींचा वाघोबा, गावदेवी आली की तिला थेट पुराणातल्या कुठल्यातरी देवतेचा अवतार करून टाकतात आणि मूळ कथा संपते. बिरसा मुंडांचंही बघा. लहानपणी मिशन शाळेत शिकले, बाप्तिस्मा झाला, मग ते सोडलं, वैष्णव संगतही घडली आणि शेवटी स्वतःचा वेगळा पंथ काढला, बिरसाइत, तो मानणारे आजही आहेत. मिशनवाले मधलं गाळतात आणि आपल्याकडचे शेवटचं गाळतात. चर्चच्या लेबलवर बोट ठेवणाऱ्या माणसाला आपल्या मठातल्या लेबलवर बोट ठेवता आलं पाहिजे, हे मी फार मनापासून सांगतेय.

काही छोट्या पण कामाच्या गोष्टी. मानवी अवशेष किंवा पूजेत असलेली वस्तू दिसली तर फोटो काढू नका, परवानगी असली तरी. अमेरिकेत काही मोठ्या म्युझियमनी २०२४ च्या सुरुवातीला नवा नियम आल्यावर मूळ लोकांची संमती नसलेल्या वस्तूंची कपाटं झाकली नाहीतर दालनंच बंद केली, तर आपण सेल्फी नाही काढली तर काही बिघडत नाही. लेबलांचे फोटो मात्र भरपूर काढा, घरी येऊन निवांत वाचता येतात. गिफ्ट शॉपमध्ये नक्की जा, कुठली वस्तू कोणी बनवली आणि पैसे कोणाला जातात ते विचारा, त्यावरून आतल्या पॅनलपेक्षा जास्त कळतं कधीकधी. नकाशे बघा, नकाशावर गावांची नावं कोणत्या भाषेतली आहेत.

विचारायचं कसं, हा लोकांना वाटणारा संकोच मला समजतो, कारण जागा श्रद्धेची असते, समोर सिस्टर किंवा वयस्कर फादर असतात. भांडायच्या सुरात विचारूच नका. दारातल्या कर्मचाऱ्याला विचारा, दादा, हे कुठल्या गावाहून आलंय, तुम्ही तिकडचेच का? मी बघितलंय की अटेंडंट लोक बहुतेक स्थानिक असतात, त्यांना कोणी काही विचारत नाही, आणि एकदा विचारलं की ते जे सांगतात ते कुठल्याच पॅनलवर नसतं. सिस्टरना विचारा, हे लोक आज म्युझियमच्या कमिटीवर आहेत का, लेबलं लिहिताना त्यांना विचारलं होतं का. एवढे दोन प्रश्न पुरतात. काही ठिकाणी उत्तर फार छान मिळतं, हो आहेत, बसा सांगतो. बरोबर सोसायटीतल्या ख्रिस्ती मैत्रिणी असतील तर आधी त्यांना सांगून ठेवा की मी हे हे विचारणार आहे, त्यांच्यातल्या खूप जणींना स्वतःला हे प्रश्न पडलेले असतात.

शेवटी अभिप्रायाची वही. खूप छान, स्वच्छता उत्तम, असं लिहून सोडू नका. नेमकं लिहा, मराठीत लिहिलं तरी चालेल, गोव्यात तर नक्कीच. उदाहरणार्थ, 'दुसऱ्या दालनातल्या फोटोतल्या स्त्रियांची नावं शोधून लावता येतील का', किंवा 'ही वस्तू कोणत्या साली आणि कशी मिळाली हे लेबलवर लिहावं'. एका वेळी एकच सूचना, आणि दालन, काच, लेबल नीट ओळखता येईल असं. घरी आल्यावर तेच ईमेलनं पाठवा, लेबलचा फोटो जोडा, फोटोची तारीख लिहा. म्युझियममधल्या लोकांना बदल करायला वरच्यांकडे काहीतरी कागद दाखवावा लागतो, तो कागद तुमचा ईमेल असू शकतो. उत्तर आलं नाही तर महिन्याभरानं परत पाठवा, आणि आपल्या क्वीन्स गार्डनच्या म्युझियमपासूनच सुरुवात करा, तिथे तर जाऊनही देता येईल.